स्वस्त सुईचा महागडा हिशोब

आमच्याकडे सुईला मान आहे आणि पंपाला लाज. रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यात, पलीकडे खेडशीत, कुवारबावला किंवा नाचण्याला, मृगाच्या आसपास संध्याकाळी कुठल्याही दवाखान्यात डोकावून पाहा. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर उचलून श्वास ओढत बसलेला एखादा माणूस बाकावर असतोच. त्याला काय झाले आहे हे ओळखायला डॉक्टर लागत नाही आणि काय हवे आहे हे त्याला सांगावे लागत नाही. एक सुई. बहुतेक वेळा ती डेरिफायलीन आणि डेक्सामेथासोन या जोडगोळीची असते. थोडक्या पैशांत काम होते, तासाभरात माणूस आपल्या पायांनी घरी जातो आणि डॉक्टरांच्या हाताला गुण असल्याची बातमी वाडीत पसरते. त्याच डॉक्टरांनी सुई न मारता रोजचा पंप लिहून दिला, तर ‘साधी सुईसुद्धा मारली नाही’ अशी तक्रार होते.

गेल्या वीस-बावीस वर्षांत याच आजारासाठी वेगळ्या जातीची इंजेक्शने आली आहेत. ओमालिझुमॅब, मेपोलिझुमॅब, बेन्रालिझुमॅब, डुपिलुमॅब अशी त्यांची जीभ अडखळवणारी नावे. दर दोन, चार किंवा आठ आठवड्यांनी कातडीखाली घ्यायची. एका वेळचा खर्च एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराच्या महिन्याच्या कमाईएवढा होतो, कधी तिच्याही वर जातो. विषय निघाला की लोक एका वाक्यात तो मिटवतात, ‘आपल्यासारख्यांसाठी नाहीत ती.’ नवे इंजेक्शन महाग आहे यात वादच नाही. पण जुने स्वस्त आहे, हा आपला समज साफ खोटा आहे. त्याचे बिल उशिरा येते, हप्त्याहप्त्याने येते आणि दम्याच्या नावावर न पडता मधुमेहाच्या, हाडांच्या, डोळ्यांच्या नावावर पडते. हा हिशोब ना दवाखाना मांडतो, ना सरकार, ना रुग्ण. तो एकदा मांडला, की कोणाला काय द्यायचे हा प्रश्न वाटतो तेवढा अवघड राहत नाही.

सुईचा मान आजचा नाही. 1903 साली न्यूयॉर्कमध्ये दम्याच्या झटक्यावर ॲड्रेनालिन कातडीखाली टोचून पाहिले गेले आणि गुदमरणारा माणूस डोळ्यांदेखत मोकळा झाला. 1949 साली संधिवाताच्या रुग्णांतला कॉर्टिसोनचा चमत्कार जगासमोर आला, पुढच्याच वर्षी त्या शोधाला नोबेल मिळाले आणि स्टेरॉइड दम्यातही शिरले. खिशात मावणारा पंप आला 1956 मध्ये आणि स्टेरॉइड पंपातून थेट फुप्फुसात पोचवायची सोय झाली 1972 मध्ये. म्हणजे सगळ्या अंगाला औषध न पाजता श्वासनळीपुरते औषध देता येऊ लागून पन्नासहून अधिक वर्षे झाली. एवढ्या काळात आमच्या भागात पक्के रुजले ते मात्र सगळ्या अंगाला भिजवणारे औषधच.

आणि गंमत अशी, की त्या जोडगोळीला मिळणारे श्रेयही पुरते तिचे नाही. डेरिफायलीन श्वासनळी थोडी सैल करते, पण छातीत धडधड आणि हाताला कंप हे त्याचे मोल. त्या कुळीतल्या औषधांची झटक्याच्या वेळी शिफारस करणे जगभरच्या तज्ज्ञांनी केव्हाच सोडले आहे. डेक्साचा गुण यायला काही तास लागतात. तिथल्या तिथे जो आराम पडतो तो बहुधा शेजारच्या टेबलावर घरघरणाऱ्या मशीनमधल्या साल्ब्युटामॉलच्या वाफेचा. पण वाफेचे कौतुक कोण करणार? टोचल्याचे दुखते, म्हणून टोचल्याचाच गुण येतो.

आता हिशोब. डेक्सामेथासोनची 2 मिलीची एक सुई म्हणजे 8 मिलीग्रॅम. प्रेडनिसोलोनच्या गोळीच्या मापात बसवले तर ती पन्नासहून थोडी जास्त मिलीग्रॅम भरते. ब्रिटनमधल्या हजारो दमेकऱ्यांच्या नोंदींचा एक मोठा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. आयुष्यभरात पोटात किंवा रक्तात गेलेल्या स्टेरॉइडची एकूण बेरीज अर्धा ते एक ग्रॅम झाली, की मधुमेह, हाडांची झीज, मोतीबिंदू, हृदयविकार यांचा धोका वाढू लागतो, असे त्यात दिसले. अर्धा ते एक ग्रॅम! आमच्या सुयांत ते दहा ते वीस होतात. आयुष्यभरात, बरे का. इथे जुन्या दमेकऱ्यांना ही बेरीज गाठायला दोन-तीन पावसाळे पुरतात. वर झटका ओसरल्यावर दिलेल्या पाच दिवसांच्या गोळ्या धरल्याच नाहीत. ‘दम्याची पुडी’ देणाऱ्यांच्या बिननावाच्या भुकटीत काय असते ते तर देवच जाणे, आणि ज्यांनी अशा पुड्या प्रयोगशाळेत तपासल्या त्यांना त्यात अनेकदा स्टेरॉइडच सापडले आहे.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगितली पाहिजे. जोराचा झटका आला असताना स्टेरॉइड नाकारणे हा वेडेपणा आहे. त्या वेळी ते जीव वाचवते. आक्षेप त्या एका सुईवर नाही. तीच सुई हाच दम्याचा वर्षानुवर्षांचा उपचार होऊन बसते, त्यावर आहे.

आमच्या वाडीतल्या एका काकींचे उदाहरण देतो, नाव नको. तरुणपणापासून दमा. पावसाळ्यात आणि मोहोराच्या दिवसांत सुई ठरलेली. पन्नाशीच्या आत चेहरा गोल झाला, गळ्याशी मांस आले. वाडीत सगळे म्हणाले, काकी अंगाने सुधारल्या. पुढे साखर निघाली. ती आनुवंशिक म्हणून सोडून दिली. आषाढात अंगणातल्या शेवाळावर पाय घसरला आणि मनगट मोडले. त्यात काय, कोकणात घसरतातच माणसे. मग मोतीबिंदू, वयाच्या मानाने जरा लवकर. तीन आजारांचे तीन डॉक्टर, तीन फायली. त्या तिन्ही फायली एकाच सुईपाशी जाऊन मिळतात हे त्यांना कोणी सांगितले नाही, आणि खरे सांगायचे तर कोणी विचारलेही नाही.

मुलगा नालासोपाऱ्याला. त्याने शेवटी मुंबईत एका छातीच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी औषध बदलण्याआधी एक साधी गोष्ट केली, ‘तुम्ही पंप कसा घेता ते करून दाखवा’ म्हणाले. काकींनी रोटाकॅपची कॅप्सूल काढली आणि पाण्याचा पेला मागितला. फुप्फुसात ओढायची भुकटी त्या वर्षभर गिळत होत्या. याला हसू नये. छातीच्या डॉक्टरांना हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. कॅप्सूल यंत्रात घालून ओढायला शिकल्यावर त्यांचा निम्मा दमा हटला. निम्मा उरला. पूर्ण मात्रेचा पंप नीट घेऊनही रात्री दोन वाजता उठून खिडकीशी बसणे काही सुटेना. तेव्हा कुठे रक्त तपासले, ॲलर्जीशी जोडलेले आयजीई हे प्रथिन मोजले, वजन केले आणि ओमालिझुमॅबचा विषय निघाला.

नव्या इंजेक्शनाची ही पायरी नीट पाहण्यासारखी आहे. जागतिक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की दमेकऱ्यांपैकी साधारण 17 टक्क्यांचा दमा हाताळायला कठीण असतो, पण पंपाची पद्धत, नियमितपणा, नाकाचे आजार, धूर, ॲसिडिटी हे सगळे निस्तरल्यावर खरोखरीचा तीव्र दमा उरतो तो फक्त 3.7 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ‘कशालाच दाद देत नाही’ असे वाटणाऱ्या पाचांपैकी चौघांना महागड्या सुईची गरजच नसते. त्यांना गरज असते शेजारी बसून पंप शिकवणाऱ्या माणसाची. उरलेल्या पाचव्याचे काय, हा खरा प्रश्न. त्याला आपण आजवर एकच उत्तर देत आलो: आणखी एक डेक्सा.

ओमालिझुमॅबची कुपी तयार होताना पाहिली, तर हे औषध वेगळ्या जातीचे आहे हे न सांगता कळते. आत पांढरी भुकटी. त्यात शुद्ध पाणी घालायचे आणि मग थांबायचे. जोरात हलवले तर फेस होतो, म्हणून नर्स कुपी हलकेच गोल फिरवते, ठेवते, पाचेक मिनिटांनी पुन्हा फिरवते. पुरते विरघळायला पंधरा-वीस मिनिटे जातात. तयार द्रव किंचित दाटसर असतो, त्यामुळे पिचकारीचा दट्ट्या सावकाश दाबावा लागतो. पहिल्या काही डोसांनंतर रुग्णाला दोन तास तिथेच बसवून ठेवतात. क्वचित एखाद्याला तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया येते, आणि 2007 पासून अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर तसा ठळक इशारा छापलेला आहे. डेक्साची सुई टोचून होते आणि कापूस दाबत माणूस रिक्षा पकडतो. इथे नर्सला वेळ द्यावा लागतो, रुग्णाला द्यावा लागतो, औषधाला तर लागतोच.

गुणही लगेच येत नाही. रुग्णांच्या अनुभवांत हे पुन्हा पुन्हा ऐकू येते. पहिल्या डोसानंतर काही नाही. पैसे पाण्यात गेले असे वाटते. युरोपातल्या नियमाप्रमाणे या औषधाचा उपयोग होतो की नाही हे ठरवायचे सोळा आठवड्यांनी, त्याआधी नाही. काकींना तिसऱ्या महिन्याच्या सुमारास जाणवले ते असे, की रात्र सरळ सकाळपर्यंत गेली. आडवे होऊन झोपता आले, उशांची चवड लागली नाही. गणपतीत मोदकांसाठी सगळे नारळ त्यांनी स्वतः खवले. मला विचाराल तर फुप्फुसांच्या कुठल्याही आलेखापेक्षा ही मोजणी खरी. खवणीवर बसून पाच नारळ खवायला किती दम लागतो, ते ज्याने खवले आहेत त्यालाच माहीत!

पण अनुभव एका रंगाचे नसतात. स्टेरॉइडच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतलेल्या रुग्णाला नव्या इंजेक्शनाचा गुण येऊ लागला, की गोळ्या हळूहळू कमी करतात. त्या दिवसांत अंग मोडून येते, सांधे ठणकतात, गळून गेल्यासारखे होते. मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी इतकी वर्षे आयत्या स्टेरॉइडवर सुस्तावलेल्या असतात, त्यांना पुन्हा कामाला लागायला वेळ लागतो. घरच्यांना वाटते, नव्या सुईनेच बिघडवले. गोळी एकदम बंद करणे तर जिवावर बेतू शकते. काहींना चौथा आठवडा सरत आला की छाती भरू लागते. पुढचा डोस कधी याच्यावर त्यांचे कॅलेंडर चालते. काहींना गुण येतच नाही, आणि त्यांचे दुःख वेगळे असते. दागिने मोडून, मुलाच्या पगारातून घेतलेल्या औषधाने बरे वाटले नाही हे सांगायची त्यांना चोरी होते.

आणि हे औषध दमा बरा करत नाही. ते आटोक्यात ठेवते. थांबवले तर अनेकांचे झटके परत येतात. ‘कोर्स पूर्ण करा आणि मोकळे व्हा’ अशी सवय असलेल्या आपल्या मनाला हे पचत नाही. कोजागरीच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध घ्यायला रांगा लागतात, मृगाच्या मुहूर्तावर जिवंत मासा गिळायला माणसे हैदराबादेस जातात, ती याच भुकेपोटी: एकदाच, आणि कायमचे. त्या रांगेतल्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. वीस वर्षे श्वासासाठी झगडणाऱ्याला कुठल्या डॉक्टरने शांतपणे बसवून आजार समजावून सांगितला होता, हेही विचारायला हवे.

कोणाला द्यायचे हे ठरवल्याशिवाय या औषधांचा काही उपयोग नाही, हे खुद्द त्यांच्याच इतिहासात लिहिलेले आहे. मेपोलिझुमॅब हे रक्तातल्या इओसिनोफिल पेशींना खाद्य पुरवणारा रासायनिक संदेश अडवते. सुरुवातीला ते सरसकट दमेकऱ्यांवर वापरून पाहिले आणि फसले. औषध जवळपास अडगळीत गेले होते. 2009 साली इंग्लंडमधल्या लेस्टरच्या आणि कॅनडातल्या हॅमिल्टनच्या (तिथल्या गटात डॉ. परमेश्वरन नायर होते) गटांनी ज्यांच्या थुंकीत इओसिनोफिल खरोखर वाढलेले होते असेच रुग्ण निवडले, आणि तेच औषध लागू पडले. पुढच्या मोठ्या चाचण्यांत झटक्यांचे प्रमाण साधारण निम्म्यावर आले. रोज गोळ्या घेणाऱ्यांची स्टेरॉइडची मात्राही निम्मी करता आली. 2015 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. औषध तेच, माणसे बदलली. आज ही निवड बव्हंशी रक्तातल्या इओसिनोफिलच्या मोजणीवर होते, आणि ती मोजणी साध्या सीबीसीत मिळते. रत्नागिरीतली कुठलीही लॅब दुपारपर्यंत रिपोर्ट देते.

मात्र आपल्या मातीत या आकड्याला एक फाटा फुटतो. इओसिनोफिल जंतांमुळेही वाढतात, हत्तीरोगाच्या जंतूंमुळेही वाढतात, आणि आयजीईचेही तसेच. अनवाणी शेतात उतरणाऱ्या बाईचा आकडा जास्त आला म्हणून तो दम्याचाच असेल असे नाही. बुरशीची ॲलर्जी फुप्फुसात मुरून होणारा आणखी एक आजार आहे. एक्स-रेवर तो क्षयासारखा दिसतो आणि माणूस उगाच क्षयाच्या गोळ्या खात बसतो. म्हणजे लंडनचा कागद जसाच्या तसा मिरजोळ्यात चालत नाही. इथे जंताची गोळी आधी, बुरशीची तपासणी आधी, मग पुढचे. हे काम महाग नाही, पण त्याला डोके आणि सवड लागते.

शिवाय काही दमा असा आहे, ज्याला कुठलीच सुई पुरणार नाही. चार महिने न वाळणारी जांभ्याची भिंत, पेटाऱ्यातून काढलेली गोधडी, तिच्यात सुखाने नांदणारे धुळीतले किडे. चुलीचा धूर. चैत्र-वैशाखात भाताची दाढ भाजताना वाडीवर पसरणारा निळा पडदा, ज्यात घरातले म्हातारे माणूस दारे लावून कोंडून घेते. एमआयडीसीतल्या मासळीच्या कारखान्यांमुळे त्यात एक भर पडली आहे, तिच्याविषयी आपण फार कमी बोलतो. मासळी आणि कोळंबी शिजवताना वाफेतून उडणारी प्रथिने कामगारांत दमा जागवतात, हे कॅनडापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत अभ्यासलेले आहे. सुट्टीच्या दिवशी श्वास मोकळा आणि कामावर गेले की छाती भरते, अशी तक्रार असेल तर पहिले औषध म्हणजे कामाची जागा बदलणे. तिथे मुखपट्टी आणि हवा खेचणारा पंखा न लावता कोणाला महिन्याला इंजेक्शन देत राहणे म्हणजे कारखान्याचा खर्च रुग्णाच्या दंडावर टाकणे होय.

‘हे सगळे ठीक, पण आपल्या जिल्ह्यात विंचू आहे, साप आहे, लेप्टो आहे. सरकारने मूठभर दमेकऱ्यांवर लाखो रुपये का घालावेत?’ हा प्रश्न मी गंभीरपणे घेतो, कारण विचारणारे नेहमीच कंजूष नसतात. 2019 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात सुमारे 3 कोटी 43 लाख दमेकरी आहेत. जगातल्या दमेकऱ्यांपैकी आपला वाटा सुमारे 13 टक्के, आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंतला वाटा मात्र 40 टक्क्यांच्या वर. एवढी तफावत महागडी इंजेक्शने नसल्यामुळे पडलेली नाही. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत (पुण्याचे डॉ. संदीप साळवी तिच्यात होते) छातीत घरघर असणाऱ्यांपैकी 82 टक्क्यांना आपल्याला दमा आहे हे निदानच मिळाले नव्हते. रोज स्टेरॉइडचा पंप घेणारे अडीच टक्क्यांहून कमी निघाले. लक्षणे तीव्र असलेल्यांतही दहा टक्क्यांच्या आत. तेव्हा पहिला रुपया पंपावर जायला हवा, हे मला शंभर टक्के मान्य आहे.

पण पंपावर रुपया टाकला की काय होते, तेही पाहू. ब्राझीलमधले साल्वादोर हे आपल्यासारखेच दमट, समुद्रकाठचे, गरिबी असलेले शहर. 2003 पासून तिथे तीव्र दम्याच्या रुग्णांना एका सरकारी केंद्रातून पंप फुकट द्यायला आणि वापरायला शिकवायला सुरुवात झाली. तीन-चार वर्षांत शहरात दम्यासाठी दाखल होणाऱ्यांचे प्रमाण जवळपास तीन चतुर्थांशाने घटले. फिनलंडने 1994 मध्ये दहा वर्षांचा कार्यक्रम हाती घेतला आणि दम्याचे रुग्णालयातले दिवस निम्म्याहून कमी केले. दोन्हीकडे हे यश या नव्या इंजेक्शनांच्या जोरावर आलेले नव्हते. त्या यशामुळे आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. पंपाने सुधारणारे सगळे सुधारले, की जे उरतात ते नावानिशी ओळखता येतात. जिल्ह्यात असे रुग्ण किती, हे आज कोणाला सांगता येणार नाही. पण ते मूठभर असतील, आणि मूठभरांसाठी महाग औषध परवडते. राज्य सरकार हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त गोठवणाऱ्या घटकाची इंजेक्शने सरकारी रुग्णालयांतून मोफत देतेच. तीही महाग आहेत, आयुष्यभर लागतात आणि मोजक्याच लोकांना लागतात. तिथे चालते, कारण कोणाला द्यायचे याची यादी आहे. दम्यात यादी नाही.

सरकारी खिडक्या आज कशा आहेत? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कवच आता पाच लाखांचे झाले, ही चांगलीच गोष्ट. पण तिचा साचा रुग्णालयात दाखल होण्यावर बेतलेला आहे. दाखल व्हावे लागू नये म्हणून दर महिन्याला बाह्यरुग्ण विभागात टोचायच्या औषधाला त्या साच्यात जागा नाही. खासगी विम्याचे तेच. विमा नियामकाने 2019 मध्ये या प्रकारच्या इंजेक्शनांना विम्याबाहेर ठेवता येणार नाही असे सांगितले, तरी कंपन्या पोटमर्यादा लावतात आणि ‘चोवीस तास दाखल नव्हता’ म्हणून वाद घालतात. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने जी काही जीवनरक्षक औषधे करमुक्त केली त्यांत मेपोलिझुमॅब होते. स्वागत आहे. पण 12 टक्के कर गेल्याने, ज्याला ते शंभर टक्के परवडत नव्हते त्याच्या घरात फारसा फरक पडत नाही. काही कंपन्या ठरावीक डोसांवर एखादा फुकट देण्याची सवलत ठेवतात. सवलत संपली की डोस लांबतात. काकींचेही तेच झाले आहे. चार आठवड्यांचे सहा, सहाचे सात. वर रेल्वेचे रिझर्व्हेशन, मुलाची सुट्टी, आणि 2 ते 8 अंशांत ठेवायचे औषध गावी आणायचे झाले तर पावसात लाईट जाईल ही धास्ती.

म्हणून मागणी अगदी नेमकी करायला हवी. 2023 पासून रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे आठवड्यातला एक दिवस फक्त दम्याचा असावा. श्वास मोजणारे स्पायरोमीटर, पंप कसा ओढायचा ते दाखवणारी एक नर्स, सीबीसी, आयजीई, आणि राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत असलेला ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप खंड न पडता मोफत. वर्षभर हे नीट करूनही ज्यांना गोळ्या-सुया सुटत नाहीत, त्यांच्यासाठी तिथल्याच छातीच्या डॉक्टरांच्या सहीने नवे इंजेक्शन, चार महिन्यांनी फेरतपासणी, गुण नसेल तर बंद. याला नवे विज्ञान लागत नाही.

पंपाच्या लाजेचे मात्र सरकार काही करू शकणार नाही. मुलीचे लग्न ठरेपर्यंत पंप कपाटात लपवणारी घरे मी पाहिली आहेत. नवी इंजेक्शने काही सुस्थित घरांत आवडू लागली आहेत, त्यामागेही मला थोडीशी हीच लाज दिसते: महिन्यातून एकदा गुपचूप जाऊन यायचे, चारचौघांत काही ओढावे लागत नाही. मग लोक पंप सोडून देतात आणि इंजेक्शन उणे पडले की औषधाला नावे ठेवतात. पंपाच्या जोडीने घ्यायचे हे औषध आहे, पंपाऐवजी नाही. ‘पंपाची सवय लागते’ म्हणणाऱ्या मंडळींना तर विचारावेसे वाटते, की मग वीस वर्षे लागलेल्या सुईला काय म्हणायचे?

वाचकाला एवढेच सांगणे आहे. घरात दमेकरी असेल तर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर प्रत्येक डेक्साची आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांच्या प्रत्येक कोर्सची तारीख लिहायला आजपासून सुरुवात करा. डॉक्टरांना औषधाचे नाव विचारा, ते सांगायला ते बांधील आहेत. वर्षात असे दोन प्रसंग आले, तर ते पान घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा, आणि तिथे गेल्यावर आधी आपला पंप त्यांच्यासमोर ओढून दाखवा.